थंड पाणी म्हणजे नेमकं किती थंड? आमच्या वादामागची पार्श्वभूमी

वाद सुरू झाला नाशिकच्या गंगापूर रोडच्या टपरीवर. आमच्या ग्रुपमधले सात जण मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोला डाइव्हिंगला जायचं म्हणतायत, मी सोडून सगळ्यांकडे तारकर्लीचं नाहीतर अंदमानचं कार्ड (डाइव्हिंगचा कोर्स केल्याचा दाखला) आहे, आणि स्कापाच्या बोटवाल्याने मेलवर एकच प्रश्न विचारला, की ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा सूट, घालून किती डाइव्ह झाल्यात? कार्ड कुठल्या लेव्हलचं हे विचारलंच नाही. त्यावर एक जण म्हणाला, अरे आपण कार्तिकात पहाटे रामकुंडात डुबकी मारणारी माणसं, निफाडचा पारा पाच-सहावर येतो तेव्हा स्वेटर न घालता फिरणारी, आपल्याला काय सांगतो हा थंड पाण्याचं. तिथून जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, म्हणून म्हटलं हे सगळं कुठून आलं ते एकदा लिहून काढू. मी स्वतः इंग्लंडमध्ये पाच वर्षं नोकरीला होतो आणि तिथल्या एका गावच्या क्लबात डाइव्हिंग शिकलो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, लपवत नाही.

अगदी जुनं फार सांगत बसत नाही. पितळी टोप आणि शिशाचे बूट घातलेले पाणबुडे, वरून पंपाने हवा, हे सगळ्यांनी चित्रात पाहिलंय. एवढंच लक्षात ठेवा की तो जाड रबरी कापडाचा पोशाख म्हणजे एक प्रकारे ड्रायसूटच होता, अंग कोरडं ठेवायचं, आत लोकर घालायची. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये एक नौदल अधिकारी आणि एक इंजिनिअर यांनी मिळून श्वास घेतला की हवा सोडणारा व्हॉल्व्ह सिलेंडरला बसवला, त्यालाच डाइव्हिंगमध्ये रेग्युलेटर म्हणतात. गंमत अशी की त्याचं मूळ डिझाइन पेट्रोलटंचाईत गाड्या गॅसवर चालवायला केलेल्या रेग्युलेटरचं होतं. आणि हो, सिलेंडरमध्ये साधी हवा असते, ऑक्सिजन नाही. आपल्याकडे बातम्यांमध्ये कायम 'ऑक्सिजन सिलेंडर लावून' छापतात, ते वाचलं की डोकं फिरतं, कारण शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषासारखा वागतो.

खरी गोष्ट सुरू होते युद्धानंतर. लंडनमध्ये १९५३ ला डाइव्हिंगचा क्लब निघाला, मग गावोगावी त्याच्या शाखा, आणि शिकवणारे सगळे बिनपगारी. दुकानात काही मिळत नव्हतं म्हणून लोक विमानदलाच्या भंगारातली ऑक्सिजनची सिलेंडरं आणून त्यात हवा भरायचे. निओप्रीनचे, म्हणजे फेसाळ रबराचे, तक्ते आणून सूटसाठी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापायचे, सोल्युशनने चिकटवायचे आणि शिवणीवर पिवळी पट्टी मारायचे, जुन्या फोटोंमध्ये सगळ्यांच्या अंगावर त्या पिवळ्या रेघा दिसतात. कॉम्प्रेसर एकट्याला परवडायचा नाही म्हणून वर्गणी काढून क्लबचा. हिवाळाभर म्युनिसिपालिटीच्या पोहण्याच्या तलावात शिकायचं, वसंतात पाणी जरा बरं झालं की पाण्याने भरलेल्या खाणीत नाहीतर समुद्रात उतरायचं. म्हणजे क्लब ही काही हौशी लोकांची चैन नव्हती, त्या पाण्यात एकट्याने काही जमणारच नव्हतं, बोट ढकलायला सुद्धा चार माणसं लागतात.

उलट अमेरिकेत १९६६ मध्ये जी संस्था निघाली तिने दुकानाच्या अंगाने विचार केला. कोर्स छोटे तुकडे पाडून विका, प्रत्येक तुकड्याला कार्ड द्या, तीन-चार दिवसात माणूस पाण्यात. जगभर उबदार समुद्रांच्या किनाऱ्यावर हेच पसरलं आणि आपल्याकडे मालवण-तारकर्लीला जे आलं तेही मुख्यतः हेच. यात वाईट काही नाही, नाहीतर आमच्यातले सहा जण पाण्यात गेलेच नसते. पण कार्डावर पाण्याचं तापमान लिहिलेलं नसतं ही अडचण आहे. तारकर्लीचं पाणी २७-२८ अंश, स्कापाचं मे महिन्यात आठ-नऊ. कार्ड तेच.

आता 'थंड पाणी' या शब्दाकडे येतो, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. ग्रुपमध्ये कुणीतरी इंटरनेटवरून काढून दाखवलं की १० अंशाच्या खाली ते थंड पाणी, आणि मग सगळे त्या दहाला धरून बसले, की बाराला चालेल का, अकराला चालेल का, सवय केली की नऊला जमेल. पण हे दहा आलं कुठून ते कुणी बघितलं नाही. तो आकडा माणसासाठी नाहीये, व्हॉल्व्हसाठी आहे! युरोपमध्ये रेग्युलेटर तपासायचं जे स्टँडर्ड आहे, ईएन २५०, त्यात १० अंशाच्या खालच्या पाण्यात वापरायचा रेग्युलेटर ४ अंशाच्या पाण्यात तपासून पास व्हावा लागतो, नाही झाला तर त्याच्यावर 'दहापेक्षा जास्त' अशी खूण कोरतात. अमेरिकन नौदलाची रेघ तर अजून खाली, ३७ फॅरनहाइट, म्हणजे तीन अंशाच्या जरा खाली. दोन्ही आकडे यंत्राचे. माणूस कुठे थरथरायला लागतो याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि यंत्राला थंडीचा त्रास होतो तो असा. सिलेंडरमध्ये दोनशे बारच्या पुढे दाब, रेग्युलेटरच्या पहिल्या स्टेजमध्ये, म्हणजे सिलेंडरवर बसणाऱ्या भागात, तो एकदम खाली येतो, बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त इतका. हवा अशी झटकन पसरली की गार होते, शून्याच्या बरीच खाली जाते. पाणी आधीच चार-पाच अंशावर असेल तर स्प्रिंगभोवतीचं पाणी गोठतं, व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच राहतो आणि हवा सुटते ती थांबत नाही. गोड्या पाण्यात हे जास्त, कारण ते शून्यालाच गोठतं, समुद्राचं उणे दोनच्या आसपास. माझं झालंय हे. फेब्रुवारी महिना, पाण्याने भरलेली दगडाची खाण, १८ मीटर, भाड्याने आणलेला रेग्युलेटर, आणि मी शहाण्यासारखा काठावर उभा राहून त्या थंड हवेत चार वेळा श्वास घेऊन बघितलेला, जे करायचं नसतं, कारण तोंडाची वाफ आत जाऊन तिथेच बर्फ धरतो. खाली गेल्यावर कुकरची शिट्टी सुरू होऊन बंदच होऊ नये तसा आवाज, तोंडासमोर नुसते बुडबुडे, काही दिसेना. बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, त्याचा जादाचा रेग्युलेटर माझ्या हातात कोंबला, माझ्या सिलेंडरचा नॉब मागून फिरवून बंद केला, आणि आम्ही हळूहळू वर आलो. वर आल्यावर म्हणाला, मीटर बघ. मोजून दोनेक मिनिटांत निम्मं सिलेंडर गेलेलं. तो बडी निवृत्त प्लंबर होता, सत्तरीचा, आणि ही गोष्ट त्याने माझ्याकडून तलावात इतक्या वेळा करून घेतली होती की मला कंटाळा आला होता.

माणसाच्या बाजूने बघायचं तर आकड्याऐवजी वेळ बघावी लागते. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं. रामकुंडातली डुबकी म्हणजे काही सेकंद, हर हर गंगे म्हणेपर्यंत तुम्ही पायरीवर आणि टॉवेल अंगावर. त्या काही सेकंदात जो धसका बसतो, श्वास आपोआप आत ओढला जातो, तो सवयीने कमी होतो हे खरंय, तेवढ्यापुरतं आमच्या रामकुंडवाल्या भाऊचं म्हणणं बरोबर. पण तो धसका मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ. डाइव्ह ४० मिनिटांची. दहा-पंधरा मिनिटांत उघडी बोटं ऐकेनाशी होतात, बकल दाबता येत नाही, आणि डाइव्हच्या शेवटी अंग गार पडलं की हवेतून अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायचा वेग मंदावतो, नेमका वर येताना, जेव्हा तो पडायला हवा. कार्तिकस्नानाची पुण्याई इथे कामाला येत नाही.

सूटबद्दलही असंच अर्धवट माहीत असतं. वेटसूट, म्हणजे आत थोडं पाणी शिरू देणारा सूट, निघाला तो १९५२ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून, आणि त्याचा मुद्दा हाच होता की ऊब राहायला कोरडं राहायची गरज नाही, निओप्रीनच्या फेसातले वायूचे बारीक बुडबुडे काम करतात. लोक सांगतात आत शिरलेलं पाणी गरम होतं आणि ते ऊब देतं, ते उलटं आहे, पाणी जेवढं कमी शिरेल तेवढं बरं. फक्त ते बुडबुडे खोलीवर दबतात. १० मीटरला दाब दुप्पट, ३० ला चौपट, म्हणजे जिथे जास्त गार तिथेच सूट पातळ. म्हणून ड्रायसूट परत आला, यावेळी सिलेंडरमधून हवा भरता येणारा, स्वीडनमधून निघालेला १९७० च्या आसपास उत्तरेच्या समुद्रात सगळीकडे पसरला.

पण तो घातला म्हणजे झालं असं नाही. त्यातली हवा उताणं-पालथं होताना इकडून तिकडे पळते, पायात गेली की तुम्ही डोकं खाली पाय वर असे फुग्यासारखे वर निघता. तरंगू नये म्हणून अंगाला बांधायचं शिसं जास्त लागतं. मानेची लॅटेक्सची सील चढवताना टाल्कम पावडर लावावी लागते, आमचा प्लंबर तर भाकरीला पीठ लावावं तशी थापायचा, आणि डोकं बाहेर आलं की घशाशी असं आवळतं की पहिल्या दिवशी वाटतं हे काही आपल्याच्याने होणार नाही. थर्मासमधलं कोमट पाणी हातमोज्यात ओतून मगच हात घालायचा, ही अजून एक त्याची युक्ती. यातलं एकही कुठल्या कार्डाच्या पुस्तकात वाचून मला आलं नाही.

स्कापाला लोक का जातात तेही सांगतो. २१ जून १९१९ ला तिथे नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराने स्वतःचीच जहाजं बुडवली, ७४ पैकी ५२ तळाला गेली. बरीचशी पुढे भंगारासाठी वर काढली, सात मोठी अजून तिथेच आहेत, तीन युद्धनौका आणि चार क्रूझर, काहींचा तळ ४० मीटरच्या पुढे. म्हणजे थंड आणि खोल दोन्ही, आणि पाणी हिरवट. मालवणला किल्ल्याजवळ मासे बघणं वेगळं.

सध्या इथे नाशिकमध्ये परिस्थिती अशी आहे की बोटवाल्याला आम्ही खरं उत्तर कळवलं, सहा जणांचं शून्य. त्याने नाही म्हटलेलं नाही, आधी कुठेतरी दहा-बारा करून या म्हणालाय. गंगापूर धरणात उतरायचं कुणीतरी सुचवलं, पण ते शहराच्या पिण्याचं पाणी, परवानगीशिवाय तो विषयच नको. तेव्हा तलावावर, बॅच नसताना, मी परत येताना आणलेला एक जुना ड्रायसूट आळीपाळीने. तो सातातल्या दोघांनाच बसतोय. ज्याने रामकुंडाचा मुद्दा काढला होता त्याची मान सोळा इंची निघाली, तीन वेळा पावडर थापूनही डोकं बाहेर येईना, शेवटी दोघांनी धरून काढलं. त्याच्यासाठी नवीन सील मागवायचीय, बाकीच्यांच्या मानांची मापं रविवारी घेतोय.