पहिल्या भेटीला येताना बाळाला पाजून आणू नका

अकाली जन्मलेल्या बाळांचं दूध पिणं आणि गिळणं आम्ही तपासतो, आणि आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. अकराची वेळ दिलेली असते. आई-बाबा, सोबत बहुधा आजी, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. बसता बसता आजी सांगतात, “वाटेत रडायला नको म्हणून निघतानाच पोटभर पाजलंय.” बाळ गाढ झोपलेलं. आम्हाला जे बघायचं असतं ते फक्त पिताना दिसतं, आणि आता तासदोन तास तरी ते काही तोंडात घेणार नाही. मग आम्ही डिस्चार्ज कार्ड वाचतो, वजनाची नोंद बघतो आणि दुसरी तारीख देतो. सिन्नर, निफाड, संगमनेरहून आलेल्यांना तसंच परत पाठवताना आम्हालाही वाईट वाटतं, म्हणून हे पत्रक.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचं पहिलं वाक्य एकच असतं: “बाळाला रिफ्लक्स आहे,” म्हणजे जठरातलं दूध उलटं वर येतं. असेलही. पण कमी दिवसांच्या बाळाला रिफ्लक्स असणं ही बातमी नाही, नसणं ही असेल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू कायम आवळलेला असतो आणि अधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडतो. तेवढ्यात दूध वर येतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ताहेर ओमारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी बारीक नळीने अकाली जन्मलेल्या बाळांच्या अन्ननलिकेतला दाब मोजला, तेव्हा दिसलं की स्नायू कमजोर नसतो, तो मधूनच सैल सुटतो. त्यात बाळाचा आहार पूर्ण पातळ, आणि दिवसातला बहुतेक वेळ आडवं. गुळणी येणारच.

खरा प्रश्न वेगळा आहे. पिताना अंग ताठ करणं, पाठ मागे टाकणं, मध्येच श्वास अडकणं, तोंड फिरवून घेणं, हे सगळं आपण रिफ्लक्सच्या खात्यात टाकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली अकाली जन्मलेल्या बाळांच्या रिफ्लक्सवर एक अहवाल काढला. ही लक्षणं आणि दूध वर येण्याची वेळ बऱ्याचदा जुळतच नाही, आणि औषधं अगदी जपून वापरावीत, असं त्यात म्हटलं आहे. त्याआधी 2009 साली 162 तान्ह्या बाळांवर आम्ल कमी करणाऱ्या एका औषधाची चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत 54 टक्के बाळांना बरं वाटलं, आणि नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांतही 54 टक्केच. छातीचे संसर्ग मात्र खरं औषध घेणाऱ्यांत जास्त दिसले. याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करा असा नाही. औषध सुरू करणं, बंद करणं हे त्यांचं काम, आम्ही त्यात पडत नाही. पण त्रास पोटातून वर येतोय की घशातून खाली जाताना होतोय, हे आधी कळायला हवं.

घशाचं असं आहे की श्वास आणि दूध एकाच चौकातून जातात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भाच्या साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो, पक्का व्हायला आणखी वेळ लागतो. 28 आठवड्यांना आलेलं बाळ ही गोष्ट पोटाबाहेर, नळ्या आणि मशीनच्या आवाजात शिकतं. आणि पालकांना सर्वांत अनोळखी गोष्ट ही: एवढ्या लहान बाळाला दूध चुकीच्या वाटेने गेलं की खोकला येईलच असं नाही. खोकण्याऐवजी ते श्वास थांबवतं, हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून “ठसका लागत नाही, म्हणजे गिळणं ठीक आहे” या वाक्यावर आम्ही विसंबत नाही. अमेरिकेत कोलंबसला सुदर्शन जडचेर्ला यांच्या गटाने बाळाच्या घशात आणि अन्ननलिकेत थेंबभर पाणी सोडून गिळणं आणि श्वास एकमेकांना कसे उत्तर देतात, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. आमच्याकडे तसली यंत्रं नाहीत. आमच्याकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, डोळे आहेत आणि वेळ आहे.

एक उदाहरण देतो. जुळ्यांपैकी धाकटी, 29 आठवड्यांची, घरी येऊन दोन महिने झालेले. रिफ्लक्सचं औषध सुरू. पहिल्या भेटीला अर्थातच पिऊन आलेली. दुसऱ्यांदा भुकेली आली आणि दहा मिनिटांत सगळं समोर होतं. पाच-सहा वेळा चोखलं की भुवया वर, हाताची बोटं फाकलेली, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळतंय आणि ऑक्सिमीटरवर 96 चे 86. बाटली उलटी धरून बघितली तर निपलमधून थेंब नव्हे, धारच. बाळ एका फीडला पाऊण तास लावतं म्हणून घरच्यांनी गरम सुईने भोक मोठं केलं होतं. प्रेमापोटीच केलं होतं, पण त्या पोरीला श्वास घ्यायला जागाच उरत नव्हती. त्याच बैठकीत संथ निपल लावलं, तिला कुशीवर धरलं, तीन-चार घोटांनंतर बाटली खाली करून थांबलो. आकडा 93 च्या खाली गेला नाही. पहिल्या दिवशी हे बघता आलं असतं.

आता, पाजून आणू नका म्हणजे बाळाला उपाशी ठेवा असं कृपया समजू नका. कमी वजनाच्या बाळाला फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं, रक्तातली साखर उतरते. आधीचं दूध नेहमीच्या वेळी द्या, पुढचं आमच्यासमोर. वाटेत बाळ फारच कासावीस झालं तर थोडं पाजा आणि आम्हाला फोन करा, आम्ही वेळ पुढेमागे करतो.

घरी ज्याने पाजता तेच आणा. बाटली तीच, निपल तेच, नवं विकत घेऊन येऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांची ‘स्लो’ लिहिलेली निपलं प्रत्यक्षात एकाच वेगाने दूध सोडत नाहीत, आणि त्या वेगातच तर अर्धी गोष्ट असते. वाटी-चमचा, पलाडा (चोच असलेली छोटी वाटी) किंवा आजीचं बोंडलं असेल तर तेही आणा. बोंडल्याला आमची ना नाही. एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलेल्या कितीतरी बाळांना त्यानेच जगवलंय. फक्त बोंडल्यात वेग बाळ ठरवत नाही, ओतणारा हात ठरवतो, म्हणून तो हातही बघायला हवा. घरी आजी पाजत असतील तर आजींनाच घेऊन या. अंगावर पाजत असाल तर तेच आधी बघू. पडदा आहे, घाई नाही.

दूध घट्ट करण्याबद्दल दोन शब्द. गुळण्या थांबाव्यात म्हणून पेज, रवा किंवा घट्ट करायची पावडर परस्पर घालू नका. 2011 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशाच एका उत्पादनाबद्दल इशारा दिला होता, कारण ते घेतलेल्या अकाली बाळांत आतड्याला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं पुढे आली होती. तसंच उशी लावून किंवा कुशीवर झोपवू नका. पाजताना कुशीवर चालेल, झोपताना पाठीवरच.

व्हिडिओ पाठवला तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. पाठवा, उपयोग होतो. पण त्यात श्वासाचा आवाज नीट येत नाही आणि ऑक्सिजनचा आकडा नसतो, त्यामुळे फक्त व्हिडिओवरून आम्ही मत देत नाही. पहिली बैठक सव्वा तासाची असते, कारण बाळाचं एक अख्खं फीड आणि त्यानंतरची वीस मिनिटं आम्हाला बघायची असतात. बाळ पिऊन आलं तर दुसऱ्या भेटीचे निम्मे पैसे लागतात. ती वेळ दुसऱ्या बाळाची होती, एवढाच त्यामागे हिशोब. गिळण्याबद्दल शंका उरली तर एक्स-रेत दिसणारं बेरियम पाजून एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी करून घ्यायला आम्ही तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो आणि गरज नसेल तर तसं स्पष्ट सांगतो. संथ निपलं आठवडाभर वापरायला आमच्याकडून मिळतात, जमलं तरच विकत घ्या. बाहेर पडणं अवघड असेल तर शहरात आम्ही घरीही येतो.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, पिताना निळं पडणं, श्वास थांबणं, जोरात फेकली जाणारी उलटी किंवा वजन न वाढणं, यापैकी काही असेल तर आमची वेळ घेऊन थांबू नका, थेट दवाखान्यात जा.

फोन करताना एवढंच सांगा: बाळ किती आठवड्यांना जन्मलं, आणि सकाळी साधारण किती वाजता पितं. त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीची वेळ तुम्हाला देऊ.