शिवराई

शिवराई हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने पाडलेले तांब्याचे नाणे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि स्वराज्याची म्हणून सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी चालू झाली. होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. शिवराई मात्र सातारा भागातल्या जुन्या घरांत, देवघरातल्या ताम्हणात, टाकांशेजारी अजूनही दिसते.

नाण्याच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ असा मजकूर असतो. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. आसपासच्या सत्तांची नाणी फारसी लिपीत असताना हे नाणे देवनागरीत पाडले गेले, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. चांगली जुनी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते. तळहातावर घेतली की आधी तिचा जडपणा जाणवतो, मग कडेचा ओबडधोबडपणा. साचा मोठा आणि चकती लहान, शिवाय ठोका हातोड्याचा. त्यामुळे एखाद्या नाण्यावर ‘श्री’ अर्धीच उमटते, तर एखाद्यावर ‘पति’ कडेबाहेर जाते. पूर्ण मजकुराची शिवराई मिळणे म्हणूनच भाग्याचे. ‘शिव’, ‘सिव’, ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ अशी लेखनाची रूपेही अनेक आहेत. त्यांना चुका म्हणून बाजूला सारू नये. प्रत्येक साचा हाताने कोरलेला असे, आणि वेगळे वळण म्हणजे वेगळा हात, बहुधा वेगळी टांकसाळ.

शिवराईचे खरे आयुष्य साताऱ्याच्या काळात दिसते. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांना १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे गाव मराठ्यांची राजधानी झाले. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी या वसुलीच्या हक्कांच्या सनदा आणल्या. बादशहाचे नाममात्र वरिष्ठपण मान्य करून सत्ता वाढवण्याचे हे धोरण नाण्यांवरही उमटले. मराठ्यांच्या टांकसाळींत रुपया पाडला जाई तो मोगल बादशहाच्या नावाने, फारसी मजकुराचा. व्यापारी आणि सराफ ओळखत तो हाच शिक्का. अनोळखी रुपयाला बट्टा लागे, म्हणजे तो कमी किमतीत घेतला जाई. तांब्यावर मात्र ‘श्री राजा शिव छत्रपति’ कायम राहिले. शाहू महाराजांच्या नावाचीही तांब्याची नाणी आहेत, पण शिवाजी महाराजांच्या निधनानंतर कितीतरी पिढ्या त्यांच्याच नावाचे नाणे पडत राहिले. लाखांचे व्यवहार बादशहाच्या नावाने आणि मीठ-मिरचीचे शिवरायांच्या नावाने, असा हा काळ होता. आठवडी बाजारात बसणाऱ्या माणसाला राज्य कोणाचे हे सांगणारी वस्तू हीच.

पेशवाईतल्या एका प्रकाराला ‘दुदांडी’ शिवराई म्हणतात. तिच्यावर मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा, म्हणजे दोन दांड्या असतात. ही नाणी रायगडाच्या शिवराईपेक्षा हलकी असून संख्येने पुष्कळ आहेत. नाण्यांची पारख करणारे पोतदार आणि टांकसाळ चालवणारे टांकसाळे आज आडनावांत उरले आहेत.

नाण्याचे भावंड म्हणजे राजमुद्रा. राज्याच्या कागदावर वरच्या बाजूला ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी अष्टकोनी मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या पद्धतीची आठवण आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या ध्वजावरचा अष्टकोन याच मुद्रेवरून घेतलेला आहे.

१८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि प्रतापसिंह महाराजांना त्यांनी मर्यादित अधिकारांनिशी गादीवर बसवले. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला, १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४८ मध्ये वारस नामंजूर करून राज्यच खालसा केले. रुपया बदलला, पण शिवराई लगेच हटली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती खेड्यापाड्यांत पैसा म्हणून चालत होती. जिचे राज्य उरले नव्हते, ती शिवराई वाणी दुकानात मोजून घेत होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी.

स्वतंत्र भारताने १९५० मध्ये अशोकस्तंभाचे सिंह नाण्यांवर आणले, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे केले आणि १९९९ मध्ये शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले.

शिवराई हाती आली तर ती चिंचेने किंवा राखेने घासू नये. तांब्यावर धरलेला हिरवट-काळा थर गेला की अक्षरांचे काठही झिजतात. जमिनीत पुरलेला नाण्यांचा साठा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तसे केल्यास कोणती नाणी कोणत्या थरात, कोणत्या भांड्यात, कशाबरोबर होती याची नोंद राहते. सुटी विकलेली शिवराई ही माहिती कायमची गमावून बसते.