चुकांची वंशावळ

थंडी सुरू झाली की गुहागर, देवगड, मालवण अशा कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्याची बातमी येते. व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, पाठोपाठ शाळांत त्यावर प्रकल्प होतात आणि त्यांत एक वाक्य हमखास सापडतं : 'समुद्रातल्या फॉस्फरसमुळे लाटा चमकतात.' विचारलं तर मुलं सांगतात, 'सर, पाच वेबसाइटवर हेच दिलंय!'

फॉस्फरसचा इथे काही संबंध नाही. समुद्रात तो फॉस्फेटच्या रूपात असतो आणि फॉस्फेट चमकत नाही. चमकतो तो बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. लाटेचा धक्का बसला की त्याच्या पेशीतलं ल्युसिफेरिन ऑक्सिजनशी संयोग पावतं, ल्युसिफरेज हे विकर ती क्रिया घडवून आणतं, आणि प्रकाश पडतो. 'समुद्र पेटला म्हणजे त्सुनामी येणार' असे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. या जिवाला भूकंपाची चाहूल लागत नाही.

मला काळजी वाटते ती 'पाच वेबसाइट'ची. समजा, एखादी साइट पाचांत एकदा चुकते. पाच जणांनी आपापली स्वतंत्र शहानिशा केली असेल, तर पाचही जण एकदम चुकण्याची शक्यता ०.२ चा पाचवा घात, म्हणजे ०.०००३२. दहा हजारांत जेमतेम तीन! पण चौघांनी पहिल्याचंच उतरवून घेतलं असेल, तर ती पाचांत एक इतकीच राहते. साक्षीदार पाच दिसतात, पाहिलेलं मात्र एकानेच.

मग उतरवलंय हे ओळखायचं कसं? याचं फार सुंदर उत्तर पोथ्यांच्या अभ्यासकांकडे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मुळाच्या जवळचा मजकूर ठरवण्याचं, काम सुरू झालं आणि ते १९६६ साली पूर्ण झालं. त्यासाठी हजारावर हस्तलिखितं तपासली गेली. दोन पोथ्यांत बरोबर मजकूर सारखा असला तर नातं सिद्ध होत नाही, कारण दोघींनीही मूळ मजकूर नीट जपलेला असू शकतो. पण एकाच श्लोकात, एकाच जागी, एकच विचित्र चूक दोघींत आढळली, तर एकीवरून दुसरी उतरवलेली असणार, नाहीतर दोघी एकाच तिसरीवरून. इथे एक पोटनियम आहे. सहज होण्यासारखी चूक दोन लेखनिक वेगवेगळी करू शकतात, म्हणून ती पुरावा म्हणून कमजोर. चूक जितकी विक्षिप्त, तितकं नातं पक्कं. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी जुळली की संपादक विष्णु सुकथनकर तिथल्या मजकुराला मोठं वजन देत, कारण एवढ्या दूरच्या दोन परंपरांनी एकमेकींचं उतरवून घेतलं असण्याचा संभव कमी. अशा तुलनेनंतर, व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही सर्वांना पाठ असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. सजीवांची वंशावळ मांडताना जीवशास्त्रज्ञही डीएनएमधल्या सामायिक बदलांवरून असाच तर्क चालवतात.

आता हेच वेबसाइटना लावा. 'फॉस्फरस' ही सहज होणारी चूक. तिच्यावरून नातं ठरत नाही. पण नॉक्टिल्युकाचं नाव पाचही ठिकाणी 'नॉक्टिकुला' असं छापलंय? मग ते एकच पान आहे, पाच वेळा चिकटवलेलं. असं एखादं वेगळं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि तारखा पाहा. जुनं पान बहुधा मुळाच्या जवळ असतं.

वर्तुळही तयार होऊ शकतं. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' असंही म्हणतात, असं मनचंच नाव रचून गमतीने विकिपीडियावर लिहिलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि पुढे वर्तमानपत्राचाच संदर्भ विकिपीडियावर पुरावा म्हणून लागला. एआय चॅटबॉटही इंटरनेटवरच्या मजकुरावरच शिकलेला असतो. त्याचं उत्तर सहावा साक्षीदार म्हणून धरू नये.

कोकणातल्या मुलांना तर दुसरी परंपरा हाकेच्या अंतरावर आहे. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले लोक समुद्राचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रात्री होडी घेऊन जाणारा दर्यावर्दीही स्वतंत्र साक्षीदारच. पाणी का चमकतं हे तो सांगू शकेल असं नाही, पण कुठल्या महिन्यात आणि वल्ह्याच्या कुठल्या हालचालीने पाणी चमकतं, हे त्याने कुठल्याही साइटवरून उतरवलेलं नसतं.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पासाठी 'किमान पाच संदर्भ' अशी अट असते, आणि मुलं ती पहिल्या पाच लिंक चिकटवून पुरी करतात. त्याऐवजी दोनच मागा, पण एकमेकांचं न उतरवलेले. आणि ते उतरवलेले नाहीत हे कशावरून ठरवलं, ते चार ओळींत लिहायला सांगा. गुण त्या चार ओळींना द्या.