पत्रादेवी, तेरेखोल, कुळे: कोकणातल्या एका सरहद्दीची पार्श्वभूमी

बांदा सोडून पणजीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात पत्रादेवी येते. एसटी वेग जरा कमी करते, एखादा पोलिस ट्रकच्या मागे हात टाकून बघतो आणि गाडी पेडण्याच्या दिशेने सुटते. रस्त्याकडेला हुतात्म्यांचं स्मारक आहे. खिडकीतून ते दिसतं, पण गाडीतल्या किती जणांना ते कशाचं आहे हे ठाऊक असतं, याची मला खात्री नाही. डिसेंबर १९६१ पर्यंत हा नाका दोन देशांमधला होता. अलीकडे भारत, पलीकडे पोर्तुगाल. आमच्या सिंधुदुर्गातल्या नव्या पिढीला गोव्याची हद्द म्हणजे स्वस्त पेट्रोल आणि दारूची तपासणी एवढंच वाटतं, म्हणून ही हकीकत पुन्हा एकदा सांगावीशी वाटते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तेव्हा त्यांच्या हातात आलं ते मुख्यतः तिसवाडीचं बेट. बेटाला चारही बाजूंनी नदी आणि खाडी असल्यामुळे हद्द आखायची गरजच पडली नाही. जिथे माणूस तरीने किंवा ओहोटीत पायी उतरू शकत होता, तिथे त्यांनी पहारे बसवले. बाणस्तारी, गवंडाळी, आगशी, पणजी अशा या जागांना ते 'पासो' म्हणत. आर्चबिशपचा कारकून म्हणून १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला लिन्सकोटेन नावाचा डच माणूस या चौक्यांविषयी लिहून गेला आहे. जिन्नस आणायला पलीकडे जाणाऱ्या इथल्या लोकांच्या उघड्या दंडावर शिक्का मारत आणि परत येताना तो शिक्का दाखवावा लागे. कागदाचा परवाना नंतरचा. पहिला परवाना माणसाच्या कातडीवर उमटवलेला होता.

त्याच शतकात माणसांच्या आधी देवांनी हद्द ओलांडली. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साष्टी, बारदेश, तिसवाडीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणजे मधली झुआरी ही दोन राज्यांमधली सीमा होती. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून डिचोली महालातल्या नार्व्याला गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पोर्तुगीजांच्या बेटासमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर. रत्नागिरीपासून मुंबईपर्यंतची कितीतरी घरं आजही कुलदैवताला म्हणून मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला जातात. आपला देव त्या जागी का आहे, याचं उत्तर त्या काळच्या सरहद्दीत आहे.

ही सरहद्द नंतर उत्तरेकडे सरकली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून तेरेखोलचा किल्ला घेतला. पुढे डिचोली आणि सत्तरी त्यांच्याकडे गेले आणि १७८८ च्या तहाने पेडणेही गेलं. फोंडा त्याआधीच, १७६३ मध्ये, त्यांच्या ताब्यात आला होता. पेडणं गेल्यावर तेरेखोल नदी ही हद्द ठरली. मनोहरगडाच्या बाजूने उतरून बांद्यावरून वाहत येणारी ही आमची नदी आरोंदा-किरणपाणीला रुंद होते आणि मुखाशी दोन मुलखांच्या मधून समुद्राला मिळते. तेरेखोल किल्ला मात्र नदीच्या उत्तरेला, आमच्या काठावर आहे. त्यामुळे रेडीहून किल्ल्यात चालत जाता येतं आणि केरीच्या गोंयकाराला आपल्याच किल्ल्यात जायला फेरीबोट लागते. नकाशावरचा तो ठिपका १७४६ च्या लढाईचा उरलेला भाग आहे.

यानंतरच्या शंभर वर्षांत नाक्यांवर जे चाललं ते बहुतेक मिठाचं आणि दारूचं. गोव्यात मिठागरं भरपूर, आणि इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर. त्यामुळे डोक्यावरून, बैलावरून, होडीतून मीठ इकडे येई. सावंतवाडी संस्थानच्या डोंगरातल्या पायवाटा कुठल्याच पहारेकऱ्याला पुऱ्या माहीत नव्हत्या. पूर्ण हद्दीवर पहारा ठेवणं इंग्रजांना महाग पडत होतं आणि पोर्तुगीजांची तिजोरी रिकामी होती. या दोन अडचणींतून २६ डिसेंबर १८७८ चा तह झाला.

या तहाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मला मात्र तो या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका तुकडा वाटतो. जानेवारी १८८० पासून गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधले जकात नाके उठले. दोन्हीकडे एकच जकात, मधे तपासणी नाही. बदल्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांची देखरेख आली आणि पोर्तुगीज सरकारला त्यासाठी वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मुरगावच्या बंदरापासून घाटावर जाणारी रेल्वेही याच तहाच्या पोटातली. दोन झेंड्यांखालच्या मुलखांमध्ये बारा वर्षं माल मोकळेपणाने फिरला. पण मिठागरं बंद पडली, माडीच्या आणि दारूच्या व्यवसायावर इंग्रजी पद्धतीचे आबकारी नियम बसले, आणि त्यावर जगणारी गोव्यातली माणसं मुंबईची वाट धरू लागली. माल मोकळा झाला आणि माल करणारा माणूस अडचणीत आला. जानेवारी १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही आणि नाके परत उभे राहिले.

रेल्वे मात्र राहिली. ही लाइन १८८८ मध्ये पुरी झाली. घाटमाथ्यावर कॅसलरॉक हे इंग्रजांचं शेवटचं स्टेशन, घाट उतरल्यावर कुळे हे पोर्तुगीजांचं पहिलं. दोन्हीकडे सामान उघडून तपासणी. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला सभाबंदी मोडली. त्यांना गोव्याबाहेर काढलं गेलं. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा आले तेव्हा कुळे स्टेशनावरच अटक करून त्यांना आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं. हद्दीवरचं पहिलं स्टेशन पोलिसांच्या किती कामाचं असतं, ते तिथे दिसलं.

१९४७ ला इंग्रज गेले, १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलं, आणि बांदा, सातार्डा, दोडामार्ग, आरोंदा या गावांना एकाएकी स्वतंत्र भारताच्या सरहद्दीवरची गावं होणं भाग पडलं. सुरुवातीची काही वर्षं लोकांना त्याची झळ बेताचीच लागली. पेडण्याची मुलगी बांद्यात द्यायची, सातार्ड्याची न्हयबागेत. जत्रेला इकडचे तिकडे, बाजाराला तिकडचे इकडे. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर चोरटी दारू मात्र वाढली, आणि तिच्या मागोमाग परदेशी घड्याळं आणि सोनंही.

भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधली वकिलात बंद केली आणि दिवस पालटले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोल किल्ल्यात शिरले, तिरंगा लावला आणि दिवसभर किल्ला धरून ठेवला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकड्या घेऊन आत गेले. मग आला १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून हजारो माणसं आली होती. कुणाच्या हातात शस्त्र नव्हतं. पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडले. सागरच्या सहोदरादेवी राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. खिडकीतून दिसणारं स्मारक त्या दिवसाचं आहे. पंजाब आणि मध्य प्रदेशातल्या माणसांचं रक्त आमच्या तांबड्या मातीत, एका लहानशा नाक्यावर सांडलं. गाडी तिथून जाते तेव्हा मला बोलणं थांबवावंसं वाटतं.

त्यानंतर नाके खऱ्या अर्थाने बंद झाले. १ सप्टेंबर १९५५ ला भारताने पणजीतली कॉन्सुलेट बंद केली. कॅसलरॉक-कुळे गाडी थांबली, माल थांबला, मुंबईहून गोव्यातल्या घरी जाणारे पैसे थांबले. पोर्तुगीजांनी दाबोळीला विमानतळ करून स्वतःची विमानसेवा काढली. तीतून दमण-दीव आणि कराचीशी संपर्क राहिला. बटाटा हॉलंडचा, तांदूळही परदेशातला अशी सोय झाली. पेडण्याच्या भाताला आणि बांद्याच्या बाजाराला मात्र कुणाचंच विमान नव्हतं. आमच्या आजीची थोरली बहीण पेडणे महालात दिलेली. नदीच्या त्या काठावरून माणसाला हाक मारली तर ऐकू यावी, एवढंच मधलं अंतर, पण सहा वर्षं दोघींची भेट नाही. मधल्या काळात वडील गेले, तो निरोपही उशिरा पोचला. आजी या गोष्टी कधी तक्रारीच्या सुरात सांगत नसे. "नाको बंद होतो," एवढंच म्हणायची.

माणूस जाऊ शकत नव्हता, पण आवाज जात होता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालवला, नंतर तो कॅसलरॉकला हलवला. पाऊस, जळवा आणि साप यांच्यात राहून त्यांनी कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत सहा वर्षं बातम्या दिल्या. आंबोलीला पावसाळ्यात धबधबा बघायला जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नाक्याचा प्रश्न याच काळात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला. दादरा आणि नगर हवेली हे दमणजवळचे, चारही बाजूंनी भारताने वेढलेले पोर्तुगीज मुलूख. १९५४ मध्ये ते मुक्त झाल्यावर तिथे जायला भारताच्या जमिनीवरून वाट मिळण्याचा आपला हक्क आहे, असा दावा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने बारीक फरक केला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, हत्यारी पोलिस आणि शस्त्रं यांना नव्हता. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. शेजारधर्म आणि सत्ता यांच्यातली रेघ त्या न्यायाधीशांनी नेमकी ओढली, असं मला वाटतं. जत्रेला जाणारी बाई आणि बंदूकधारी शिपाई एकाच वाटेने चालले म्हणून त्यांचा हक्क एक होत नाही.

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य हलायला लागलं. दोडामार्गाकडून पन्नासावी पॅरा ब्रिगेड आत शिरली, पूर्वेकडून अनमोडच्या बाजूने दुसरी फौज. मागे हटणाऱ्या पोर्तुगीजांनी पूल उडवले. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालने मात्र हे मान्य करायला तेरा वर्षं घेतली. लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात त्यांनी गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व स्वीकारलं.

हद्द तरीही गेली नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं महाराष्ट्रात विलीन होण्याच्या विरोधात पडली, १,३८,१७० बाजूने. त्या वेळी इकडे बऱ्याच घरांना ते लागलं. आज मागे वळून बघताना मला तो निकाल रास्त वाटतो. ज्या रेघेवर इतकी शतकं दुसऱ्यांनीच ठरवलं, त्या रेघेबद्दल पहिल्यांदा तिथल्या माणसांना विचारलं गेलं. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. १७८८ ची तीच नदी आता दोन राज्यांची सीमा आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराची तपासणी संपली, तरी दारूसाठी इन्सुलीचा नाका आहेच.

मार्च २०२० मध्ये हे नाके पुन्हा बंद झाले. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची शेकडो मुलं गोव्यात कामाला, आजारी माणूस बांबोळीच्या इस्पितळात, भाजी आणि मासळी दोन्हीकडची. पत्रादेवीला, न्हयबागेला, दोडामार्गला बॅरिकेड लागले आणि पास मागायला सुरुवात झाली. शेजारचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात होता. तो पास मिळेना म्हणून हद्दीपर्यंत येऊन परत गेला, तेव्हा त्याची आई अंगणात उभी राहून कुणाला तरी फोनवर सांगत होती, "नाको बंद हा."