रोवणीच्या पोटातली शेती

आषाढ सरत आला की कोकणात आणि गोव्यात पहाटेच रानाची वाट धरणारी माणसं दिसू लागतात. कुठल्या रोवणीवर अळंबी येते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि ते सहसा कुणी कुणाला सांगत नाही. रोवण म्हणजे वारूळ. दोन-तीन दिवस पाऊस झोडपून थांबला, जरा ऊन पडलं आणि हवा दमट झाली की रात्रीतून त्या जागी पांढऱ्या टोप्या उभ्या राहतात. दुपारपर्यंत त्या छत्रीसारख्या उघडतात आणि एक-दोन दिवसांत किडे लागून सडतात. विदर्भातल्या जंगलभागात हिलाच 'सात्या' म्हणतात, गोव्यात 'अळमी'. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणाऱ्या या भाजीची वाट तिन्हीकडे सारख्याच आतुरतेने पाहतात.

ही अळंबी उपटताना घाई करू नये. बुंध्याभोवतीची माती बोटांनी सैल करत खाली जात राहावं. देठ संपतच नाही. वर वीतभर दिसणारी अळंबी खाली निमुळती होत, मुळासारखी काळपट होत हातभर खोल उतरते आणि एका पोकळीत जाऊन टेकते. बहुतेक वेळा देठ मध्येच तुटतो, म्हणून ही पोकळी फार थोड्यांनी पाहिलेली असते. एकदा कुंपणाच्या भिंतीसाठी पाया खणताना एक वारूळ अर्धं कापलं गेलं, तेव्हा मला ती पाहायला मिळाली. आत नारळाएवढा करडा-तपकिरी गोळा होता. अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा, हातात घेतला तर अगदी हलका, किंचित ओलसर. वळ्यांच्या खाचांमधून राजगिऱ्याएवढे पांढरेशुभ्र मणी चिकटलेले होते. वाळवीची कामकरी मंडळी गोंधळून त्यावरून सैरावैरा धावत होती. उघडं पडलेलं ते त्यांचं शेत होतं.

वारूळ मुंग्यांचं असतं असं आपण सर्रास बोलतो, नागपंचमीला नागाचं म्हणून पुजतो, आणि गोवा-सिंधुदुर्गात तर सातेरी देवी वारुळाच्याच रूपात नांदते. बांधणारी मात्र वाळवी असते. आपल्याकडच्या उंच, कंगोरे असलेल्या मातीच्या वारुळांतली वाळवी बहुतेकदा ओडोन्टोटर्मिस या प्रजातीतली. तिला सुकं लाकूड, पाचोळा, गवत नीट पचवता येत नाही, कारण लाकडातलं लिग्निन फार चिवट. म्हणून ती ते खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेचा थर रचते आणि त्यासोबत टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीचे बीजाणू पेरते. बुरशी तो थर पोखरत, मऊ करत जाते. काही आठवड्यांनी जुना भाग खाण्याजोगा झाला की वाळवी तो खाते आणि वर नवा थर चढवते. ते पांढरे मणी म्हणजे बुरशीचेच पुंजके, आणि वर उगवणारी अळंबी म्हणजे तिचीच छत्री. ते मणी खाल्ले की त्यांतले बीजाणू पोटातून सहीसलामत बाहेर पडून पुढच्या थरात पेरले जातात.

वाळवी आणि बुरशीची ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जुळली, असं जनुकीय अभ्यास सांगतात. माणसाच्या शेतीला फार तर १०-१२ हजार वर्षं झाली. आणि वाळवीच्या शेतात शिस्तही कडक: एका वारुळात बुरशीचा एकच वाण वाढतो. वारुळातल्या उबदार, दमट हवेत दुसऱ्या बुरशांनाही वाढायला आवडतंच. स्यूडोझायलेरिया नावाची एक तणासारखी बुरशी तिथे कायम दबा धरून असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की वाळवी वासावरून हे तण ओळखते आणि मातीखाली गाडून टाकते. वाळवीने वारूळ सोडलं की थोड्याच दिवसांत त्या गोळ्यांवर या तणाचे काळसर कोंब माजतात.

या शेताला हवाही लागते. बुरशी आणि लाखो कीटक मिळून सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, तो बाहेर गेला नाही तर सगळेच गुदमरतील. वारुळाचे ते बाहेरचे कंगोरे इथे कामी येतात. बंगळुरूजवळच्या वारुळांवर मोजमापं घेऊन २०१५ मध्ये हे कोडं उलगडलं गेलं. दिवसा उन्हाने पातळ कंगोरे लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि प्रवाह उलटा फिरतो. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर वारूळ श्वास घेतं. वारूळ म्हणजे मातीचा ढीग असं ज्यांना वाटतं, त्यांना मला हे हाताला धरून सांगावंसं वाटतं.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो वेळेचा मेळ. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचे थवे येतात, सकाळी ओट्यावर पंखांचा सडा पडलेला असतो. त्यांतल्या वाचलेल्या जोड्या जमिनीत शिरून नवं घर मांडतात, पण बहुतेक जातींत त्यांच्याजवळ बुरशीचं बियाणं नसतं. घरातली पहिली कामकरी पिढी मोठी होऊन अन्नाच्या शोधात बाहेर पडायला काही आठवडे जातात. नेमकी त्याच सुमाराला जुन्या वारुळांवर अळंबी उगवते आणि तिचे बीजाणू पाचोळ्यावर सांडतात. नव्या घरातल्या वाळव्या पाचोळ्यासोबत ते आत नेतात आणि शेत सुरू होतं. म्हणूनच मिटलेल्या कळ्यांपासून सगळी अळंबी साफ खुडून नेणं मला खटकतं. चार-सहा अळंब्या उघडून सडू दिल्या तरी पुरे.

ही अळंबी घरी लावता येत नाही. धिंगरी पेंढ्यावर येते, बटण अळंबी कंपोस्टवर येते, पण वाळवीशिवाय टर्मिटोमायसिसचं पीक बाजारासाठी घेणं अजून साधलेलं नाही. वारूळ सपाट केलं की त्याच्यासोबत ती जागा गेली. कोकणात घरांसाठी, बागांसाठी जमिनी साफ होताना पहिला घाव वारुळावर पडतो, आणि ज्या रोवणीवर आजीने अळंबी वेचली होती ती नातीला दाखवायला उरत नाही.

रानातल्या कितीतरी बुरशा अशा दुसऱ्या जिवाच्या सोबतीने राहतात. स्वयंपाकघरातलं दगडफूल घ्या. गोडा मसाला करताना ते कढईत पडलं की घरभर सुटणारा तो मातकट, धुरकट वास ओळखीचा आहे. डब्यातून एक तुकडा काढून पाहा: एक बाजू राखाडी, दुसरी काळी. डोंगरातल्या झाडांवर आणि कातळांवर वाढणारी ही बुरशीच, पण तिच्या अंगात हिरवं शेवाळ राहतं. बुरशी त्याला घर आणि ओलावा देते, शेवाळ उन्हातून साखर करून देतं. दगडफूल एक नसून दोन जीव आहेत, हे स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडनरने १८६०च्या दशकात मांडलं तेव्हा बऱ्याच अभ्यासकांना ते पटलं नव्हतं. २०१६ मध्ये अनेक दगडफुलांच्या सालीत तिसरी, यीस्टसारखी बुरशीही सापडली.

झाडांचंही तसंच. जगातल्या बहुतेक झाडाझुडपांच्या मुळांशी बुरशीचे तंतू जोडलेले असतात. ते मातीतून फॉस्फरस आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची सोबतीण बुरशी मुळांच्या आतच राहते, तिची छत्री कधी वर येत नाही. हिमालयात देवदार, चीड आणि ओक यांच्या मुळांभोवती बुरशीचा बाहेरून मोज्यासारखा वेढा असतो, आणि यांतल्या कितीतरी बुरशा छत्र्या वर काढतात. तिथल्या रानात पायाखाली इतकी विविधता दिसते, तिचं एक कारण हेच. या तंतूंमधून झाडं एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना पोसतं, अशा गोष्टी अलीकडे फार लोकप्रिय झाल्या. झाडांमध्ये तंतूंचे दुवे असतात आणि त्यांतून कार्बन जातो, याचे पुरावे आहेत. पण प्रत्यक्ष जंगलात त्याने रोपांचं किती भलं होतं, यावर २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या जाणकारांनी गंभीर शंका घेतल्या. माझ्या मते जे सिद्ध आहे तेच इतकं थक्क करणारं आहे, की त्याला आई-लेकराची झालर लावण्याची गरज नाही.

भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात काही रात्री कुजकं लाकूड उजळतं. टॉर्च बंद करून दहा मिनिटं थांबावं लागतं. डोळे अंधाराला सरावले की ओंडक्यावर फिकट हिरवट रेषा उमटतात, जणू सालीखाली चांदणं साचलंय. मायसीना प्रजातीतल्या बुरशीचे तंतू ते लाकूड कुजवताना हा थंड प्रकाश सोडतात. हात लावून ओंडके उलटेपालटे केले की तंतू तुटतात आणि पुढच्या रात्री तिथे अंधार असतो. पाहायला जाणाऱ्यांनी लांबूनच पाहावं.

जगात आजवर सुमारे दीड लाख बुरशांची नावं नोंदली गेली आहेत आणि एकूण संख्या २२ ते ३८ लाख असावी, असा २०१७चा अंदाज आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह जिवंत जपला जातो. पण सुरुवात घरच्या टेबलावरही होते. उघडलेली एखादी अळंबी देठ कापून, टोपीखालच्या पट्ट्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. रात्रभर बीजाणू झडतात आणि सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी उमटते. रोवणीवरच्या अळंबीची नक्षी गुलाबीसर येते. हिरवळीवर पावसाळ्यात उगवणारी, दिसायला अगदी साजूक अशी एक मोठी पांढरी छत्री आहे, तिची नक्षी हिरवट येते. ती विषारी असते, खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. नुसत्या रंगावरून कुठलीच अळंबी खाण्याजोगी ठरत नाही, आणि चांदीचं नाणं काळं पडण्याची परीक्षा तर साफ खोटी. खायची ती पिढ्यान्‌पिढ्या वेचणाऱ्या जाणत्या हातांनी ओळखलेलीच. पाहायला मात्र कुठलीही चालते. कागद हलक्या हाताने उचला, बोट लागलं तर नक्षी पुसते. त्या गुलाबीसर धुळीतला एखादा कण वाळवीच्या तोंडून खाली गेला असता, तर तिथे नवं शेत उभं राहिलं असतं.