शुगर आधीची की नंतरची?

कोरोनातून उठलेल्या कितीतरी घरांत २०२१ मध्ये एकच वाक्य ऐकू यायचं: "आधी शुगर नव्हती हो, कोरोनानंतर निघाली." यातलं 'निघाली' हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. निघाली म्हणजे नव्याने आली, की आतच होती ती दिसली? गेली दीडशे वर्षं वैद्यक याच प्रश्नाभोवती फिरतं आहे.

गालगुंडानंतर मधुमेह झाल्याची नोंद नॉर्वेत १८६४ मध्येच झाली होती. पण एकाच्या मागून दुसरा आजार आला, एवढ्यानं कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. भक्कम पुरावा मिळायला १९७९ उजाडलं. अमेरिकेत दहा वर्षांचा एक मुलगा फ्लूसारख्या आजारानंतर मधुमेहाच्या तीव्र अवस्थेत दाखल झाला आणि दगावला. त्याच्या स्वादुपिंडातून संशोधकांनी कॉक्सॅकी बी४ विषाणू वेगळा काढला, उंदरांना टोचला, आणि काही उंदरांची साखर चढली. विषाणू इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच घाला घालू शकतो, हे तेव्हा दिसलं. मात्र अशी थेट उदाहरणं विरळाच.

दुसरी बाजू पुढे आली ती २००३ च्या सार्स साथीतून. चीनमधल्या संशोधकांनी आधी मधुमेह नसलेले आणि स्टेरॉईड न घेतलेले ३९ रुग्ण तपासले. त्यातल्या २० जणांची साखर रुग्णालयात असताना मधुमेहाच्या पातळीवर गेली होती. तीन वर्षांनी मधुमेह उरला होता फक्त दोघांना. हा अभ्यास छोटा असला, तरी मला तो सगळ्यात बोलका वाटतो. तापात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं सोडतं, यकृत साखर ओततं, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. आजार ओसरला की बहुतेकांचं गाडं रुळावर येतं. मग न येणारे कोण, हे आधी ओळखायचं कसं?

कोरोनात हा गुंता आणखी वाढला. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉईडनं ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झालं. औषध खरंच गुणाचं, पण साखर चढवणारं. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत ते गरज नसलेल्यांनाही आणि जास्त दिवस दिलं गेलं. काळ्या बुरशीच्या रुग्णांमध्ये मधुमेह आणि स्टेरॉईड ही जोडी वारंवार दिसली. पुढे मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात, कोरोना होऊन गेलेल्यांना वर्षभरात मधुमेह होण्याची जोखीम सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळली. मात्र हे बहुतांशी वयस्क पुरुष. शिवाय आजारी माणूस डॉक्टरकडे जास्त जातो, तपासण्या जास्त होतात, दडलेली शुगर सापडते.

कुणाची शुगर टिकेल, या भाकितासाठी सगळ्यात कामाची ठरली ती एक जुनीच रक्तचाचणी, एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, म्हणून ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१० मध्ये ६.५ टक्के ही निदानाची रेषा मानली. तापाच्या पहिल्याच दिवशी हा आकडा ७.५ आला, तर मधुमेह विषाणूच्या आधीपासूनच मुक्कामाला होता. ५.७ ते ६.४ आला, तर माणूस कुंपणावर. डिस्चार्जनंतर नजर ठेवायची ती याच्यावर.

आपल्याकडे हे कुंपणावरचे लोक चिकार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेला 'बारीक पण चरबीदार' भारतीय देह: वजनकाटा निर्धास्त करतो, पोटातली चरबी नाही. म्हणून चेन्नईत २००५ मध्ये तयार झालेल्या भारतीय जोखीम गुणांकात वजनाला जागाच नाही. वय, कमरेचा घेर, हालचाल आणि घराण्यातला मधुमेह एवढंच विचारतात.

एचबीए१सीलाही आपल्याकडे एक अडचण आहे. लोहाच्या कमतरतेत हा आकडा मुळापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी. तिथे उपाशीपोटीची साखर, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त, ही जुनी तपासणी जास्त खरं बोलते. पण नुकतंच दवाखान्यातून सुटलेलं माणूस लॅबच्या बाकड्यावर दोन तास बसायला सहसा तयार नसतं.