नाट्यगृहाची किल्ली कुणाकडे? महापालिकेच्या सार्वजनिक वास्तूंमागचा इतिहास

पुण्यात नाट्यगृहातला एसी बंद पडला, जलतरण तलावाला कुलूप लागले किंवा बागेचे तिकीट वाढले, की लोक आधी नगरसेवकाला गाठतात. पण या वास्तू चालवण्याचे अधिकार असतात आयुक्तांकडे. ही रचना कशी आली, हे माहीत असले तर तक्रार कुठे न्यायची तेही कळते.

पुण्याला नगरपालिका १८५८ पासून होती. तिची आजही नजरेत भरणारी वास्तू म्हणजे मंडई, १८८६ सालचे रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. विरोधाचा तो सूर सभागृहात उमटू शकला, ही मला त्या काळातली मोठी गोष्ट वाटते.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी महापालिका स्थापन झाली, ती १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली. धोरण, अंदाजपत्रक आणि दर ठरवायचे नगरसेवकांच्या मुख्य सभेने आणि स्थायी समितीने. कारभार हाकायचा राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांनी. कलम ६७ तसे स्पष्टच सांगते. पहिले आयुक्त होते स. गो. बर्वे. १९६१ च्या पानशेत पुरानंतर शहराच्या पुनर्वसनासाठी सरकारला पुन्हा त्यांचीच आठवण झाली. जंगली महाराज रस्त्यावरच्या चौकाला त्यांचे नाव आहे.

याच कायद्यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत: पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती, बाजार. नाट्यगृहे आणि जलतरण तलाव मात्र कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. मंडई चालवणे भाग आहे. नाट्यगृह चालवणे मर्जीवर. अंदाजपत्रकात ओढाताण झाली की कात्री कुठे लागणार, हे तिथेच ठरून गेले.

तरीही पुण्याने ऐच्छिक कामांत हात आखडता घेतला नाही. बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. २६ जून १९६८ रोजी रंगमंदिर खुले झाले, तेव्हा ते हयात नव्हते. नाटकवाल्यांसाठी तारखांचे वाटप हा तिथला कळीचा विषय. शनिवार-रविवारची संध्याकाळ कुणाच्या पदरात पडते, यावर नाटकाचे गणित बसते किंवा कोसळते, आणि ती तारीख देणारा माणूस महापालिकेचा असतो. त्यामुळे इथे खुर्चीत कोण बसले आहे, याला नियमांइतकेच वजन येते. २०१८ मध्ये रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा कलावंतांचा एवढा विरोध झाला, त्याचे मूळही इथेच आहे. वास्तू महापालिकेची असली तरी तिच्यावर हक्क आपलाही आहे, असे रंगकर्मींना मनापासून वाटते.

नंतर कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच, प्रभागाप्रभागांतली समाजमंदिरे, विरंगुळा केंद्रे आणि व्यायामशाळा अशी भर पडत गेली. फीत कापायला गर्दी होते. गळके छत दुरुस्त करायला, रखवालदार नेमायला पैसे नसतात. मग संस्थांना चालवायला देण्याची पद्धत रूढ झाली. २०२१ मध्ये अॅमिनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने देण्याचा प्रस्ताव आला आणि नागरिक संघटना खवळल्या. माझ्या मते त्यांचे बरोबर होते. बाग, दवाखाना, मैदान यांसाठी राखलेली जागा एकदा हातची गेली की दाट वस्तीत दुसरी मिळत नाही.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. मुख्य सभा, स्थायी समिती आणि प्रशासन, तिन्ही एकाच टेबलावर आले. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचे आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचे. तलावाचे किंवा नाट्यगृहाचे दर असोत, वास्तू चालवायला देण्याचा करार असो, सभागृहात उभे राहून खुलासा मागणारे त्या काळात कुणीच उरले नव्हते.